मागावरचा माणूस, पुस्तकातले मशीन

विल्यम फेलर यांच्या संभाव्यताशास्त्रावरील ग्रंथाच्या पहिल्या खंडात, सतराव्या प्रकरणात, एक लहानसे कोष्टक आहे. एका रकान्यात सहा मशिने आणि ती सांभाळणारा एक माणूस; दुसऱ्या रकान्यात वीस मशिने आणि तीन माणसे. मशीन अधूनमधून बंद पडते, माणूस ते सुरू करून देतो, आणि तेवढ्यात दुसरे बंद पडले तर ते ताटकळत राहते. अशा व्यवस्थेत कोणाचा किती वेळ फुकट जातो, याचा हिशेब त्या कोष्टकात मांडला आहे. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा एम.एस्सी.ला होतो. रात्रीचे अकरा वाजले होते आणि भिंतीपलीकडे माग चालू होते. वडील रातपाळीला गेले होते. त्यांच्याकडे सहा माग होते.

पाठ्यपुस्तकांवर, त्यातही संख्याशास्त्राच्या वरच्या वर्गातल्या पाठ्यपुस्तकांवर, दिवाळी अंकात लिहिणे काहींना विचित्र वाटेल. कादंबरीची समीक्षा होते, आत्मचरित्राची होते. क्रमिक पुस्तकाची चर्चा होते ती त्यात चूक सापडली किंवा कोणाच्या भावना दुखावल्या तरच. पण आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे मी हीच पुस्तके वाचली आणि शिकवली, तीही भिवंडीत. कथेत असते तसे या पुस्तकांतही कोणीतरी सांगणारा असतो, कोणाविषयी तरी सांगितलेले असते, आणि कोणाला तरी वगळलेले असते. ते कोण, हे तपासायचा हा प्रयत्न आहे. गणित येत नसलेल्या वाचकाला अडेल असे यात काही नाही.

भिवंडी ज्यांनी फक्त नाशिकच्या महामार्गावरून पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हे गाव मागांचे. अठराशे सत्तावन्ननंतर उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, पुढे तेलंगणातून आलेले पद्मशाली, आणि आमच्यासारखे शहापूर-मुरबाडकडून पोटासाठी उतरलेले, अशी ही वस्ती. इथे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली आणि मागांची संख्या लाखांच्या घरात गेली. ‘कारखाना’ म्हणजे इथे बहुतेकदा पत्र्याखालची एक लांब खोली, तीत दाटीने बसवलेले पंधरा, वीस, तीस माग. विणकराकडे चार, सहा, कधी आठ. माग बिघडला तर जॉबर. हिशेब ठेवायला मेहता. पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर. माग बंद पडतो तो मुख्यतः दोन कारणांनी: ताण्याची तार तुटते, नाही तर धोट्यातली कांडी संपते. बारा तास विणकर या दोन गोष्टींच्या मागे फिरत असतो.

आता कोष्टक. फेलर एक साधे गृहीत धरतो. मशीन सरासरी जितका वेळ सलग चालते, त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा वेळ ते पुन्हा सुरू करायला लागतो. म्हणजे माग वीस मिनिटे चालला तर दोन मिनिटे दुरुस्तीची. यावरून साध्या गुणाकार-बेरजांनी असे निघते की सहा मशिनांवर एक माणूस असेल, तर मशिनांचा साडेपाच टक्के वेळ निव्वळ ताटकळण्यात जातो. वीस मशिनांवर तीन माणसे ठेवली तर प्रत्येकाच्या वाट्याला सहाहून थोडी जास्तच मशिने येतात, तरी ताटकळणे दोन टक्क्यांच्याही खाली येते. कारण उघड आहे. पहिल्या व्यवस्थेत एका माणसाकडे दोन मशिने अडून बसलेली असताना शेजारचा मोकळा असू शकतो. दुसरीत जो मोकळा असेल तो धावतो. माणसे वाटून न देता एकत्र ठेवा, एवढा त्याचा अर्थ. हा निष्कर्ष मूळचा कॉनी पाम या स्वीडिश अभियंत्याच्या १९४७च्या लेखातला. फेलर यांनी १९५०च्या आपल्या पुस्तकात तो घेतला आणि तिथून तो सगळीकडे गेला.

मी त्या रात्री हरखून गेलो होतो. ज्या आवाजात मी जन्मलो, त्याचे समीकरण अमेरिकेत छापलेल्या पुस्तकात होते! सकाळी वडील आले, अंगावर कापसाची भुरी, कानांत अजून माग चालू असल्यासारखे मोठ्याने बोलत. चहा झाल्यावर मी त्यांना कोष्टक समजावून सांगितले. वीस मागांवर तीन जण, हे त्यांना लगेच पटले. “ते आमी करतोच की,” म्हणाले. “रहमानभाई नमाजाला गेला की त्याचे माग मी बघतो, मी जेवायला बसलो की तो बघतो. शेठला नको असतं. माग वाटून दिले म्हंजे कुणाच्या मागावर किती कापड निघालं ते कळतं.”

मग मी दुसरी ओळ वाचली. पहिल्या व्यवस्थेत माणसाचा वाया जाणारा वेळ ०.४८४५. म्हणजे जवळजवळ अर्धी पाळी तो रिकामा.

वडील काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “म्हंजे सा तास मी बसलेला असतो, असं लिवलंय?”

मी सांगायचा प्रयत्न केला की हे उदाहरण आहे, आकडे गृहीत धरलेले आहेत. त्यांनी ऐकून घेतले. “बारा तासांत मी एकदा बसतो, जेवायला. बाकी टाइम फिरत असतो. कांडी कुठं संपत आली, तार कुठं ढिली पडली, कापडावर हात फिरवायचा, डाग पडला का बघायचं. माग बंद पडल्यावर जाणारा विणकर नव्हं.” आणि ते झोपायला गेले.

त्या वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षे अडखळत राहिलो आहे. फेलर यांच्या गणितात चूक नाही. मी ते आकडे स्वतः पुन्हा काढून पाहिले आहेत. अडचण व्याख्येत आहे. पुस्तकात माणूस दोनच अवस्थांत असतो: दुरुस्ती करत असलेला किंवा रिकामा. मशीनही दोनच अवस्थांत: चालू किंवा बंद. चालू मशीनकडे पाहत असलेल्या माणसासाठी तिथे जागाच नाही. आणि एकदा त्या वेळाला ‘तोटा’ हे नाव मिळाले की तो भरून काढायची वाट समीकरणच दाखवते: मशिने वाढवा. मी करून पाहिले. त्याच गृहीतावर एका माणसाकडे सहाऐवजी दहा मशिने दिली, तर त्याचा रिकामा वेळ अठ्ठेचाळीस टक्क्यांवरून एकवीस टक्क्यांवर येतो. सरासरी चालू मशिने पाचाहून थोडी जास्त होती, ती जवळजवळ आठ होतात. दर मशीनमागे उत्पादन थोडे घसरते, पण एकूण कापड दीडपट. कोणताही कारखानदार दहाच देईल. बारा तासांच्या पाळीत पावणेसहा तासांचे अडीच तास झाले, आणि या अडीच तासांत फिरणे, हात फिरवणे, पाणी पिणे सगळे आले. कापडात दोष वाढले तर त्याची कपात मजुरीतून होते. ती कोष्टकाच्या कोणत्याच रकान्यात येत नाही.

आणखी दोन गृहीते आहेत, आणि ती कारखान्यात उभे राहिल्यावर ध्यानात येतात. पहिले हे की मशीन ‘विसरभोळे’ आहे; ते किती वेळ चालले यावर ते आता बंद पडेल की नाही, हे अवलंबून नाही. तार तुटण्यापुरते हे बऱ्यापैकी खरे असावे. कांडीला ते मुळीच लागू नाही. कांडीवर सूत मोजके असते, ठराविक मिनिटांनी ती संपणारच, आणि चांगल्या विणकराचे कसब हेच की सहा मागांच्या सहा कांड्या एकदम संपणार नाहीत, अशा बेताने तो त्या आगेमागे चढवतो. त्याच्या डोक्यात वेळापत्रक असते. पुस्तक ज्याला योगायोग म्हणते, त्यातला मोठा भाग त्याने आधीच हाताने नाहीसा केलेला असतो.

दुसरे गृहीत स्वातंत्र्याचे: एक मशीन बंद पडल्याचा दुसऱ्याशी संबंध नाही. भिवंडीत संबंध असतो. सुताचा एक खराब लॉट आला की त्यातून भरलेल्या सगळ्या बीमांवर तारा तुटू लागतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत सुती धागा कमजोर होतो, पावसाळ्यात सावरतो; हे सगळ्या मागांना एकदमच होते. वीज गेली की सगळेच थांबतात. आणि १९८४च्या मे महिन्यात गावातले सगळे माग एकदम थांबले होते. त्याचे कारण सुताच्या लॉटमध्ये शोधून सापडणारे नव्हते. त्यानंतर रहमानभाई आणि वडील एकमेकांचे माग पुन्हा बघू लागले, पण त्याला बरेच महिने जावे लागले.

फेलर यांच्यावर मी अन्याय करतो आहे, असे कोणी म्हणेल. पुस्तक संभाव्यतेचे आहे, कापडगिरणीचे नाही. कोणते मशीन हे सांगायची त्यांना गरज नव्हती. मान्य आहे. इतके स्वच्छ लिहिलेले गणिताचे पुस्तक मी दुसरे वाचलेले नाही, आणि त्यातला तरतरीतपणा विद्यार्थ्याला आजही झपाटतो. पण गंमत अशी की संख्याशास्त्राच्या वरच्या वर्गात जे शिकवतात, त्यातले बरेच काही खरोखर सुतातूनच निघालेले आहे, आणि पुस्तकांनी तो धागा नंतर काढून टाकला आहे.

मँचेस्टरजवळच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सुती उद्योगाच्या संशोधन संस्थेत, १९२०च्या दशकात एफ. टी. पीअर्स सुताची ताकद मोजत होते. लांब धागा आखूड धाग्यापेक्षा लवकर तुटतो, असे दिसे. कारण धागा तुटतो तो त्याच्या सर्वांत कमजोर जागी, आणि धागा जितका लांब तितकी फार कमजोर जागा त्यात असण्याची शक्यता अधिक. पीअर्स यांनी १९२६ साली हे मांडले. त्याच संस्थेतले एल. एच. सी. टिपेट यांनी रोनाल्ड फिशर यांच्याबरोबर १९२८ साली दाखवले की अशा ‘सर्वांत लहान’ किंवा ‘सर्वांत मोठ्या’ निरीक्षणांचे वितरण शेवटी मोजक्याच साच्यांत बसते. आज नदीचा शंभर वर्षांतला पूर, विम्याचे महाकाय दावे, पुलांची मजबुती हे सगळे त्या सिद्धांतावर मोजतात. वर्गात मी तो पुराच्या उदाहरणाने शिकवत असे. बाकावर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी घरी तुटलेल्या तारा जोडल्या होत्या, आणि मी त्यांना पुराचे सांगत होतो.

टिपेट यांची दुसरी गोष्ट मला अधिक जवळची. माग किती वेळ बंद असतात हे कळायला एकेका मागापाशी घड्याळ घेऊन तासन्‌तास उभे राहणे महाग आणि त्रासाचे. त्यांनी निराळी युक्ती केली. ठरावीक नसलेल्या वेळी विणकामाच्या खोलीतून चालत जायचे आणि नजर टाकून नोंदायचे: हा चालू, हा बंद, हा का बंद. अशा चारशे नजरांत तीनशे चाळीस वेळा माग चालू दिसला, तर माग पंचाऐंशी टक्के वेळ चालतो, आणि या अंदाजातली चूक दोन टक्क्यांच्या आतबाहेर. १९३५ साली त्यांनी ही रीत प्रसिद्ध केली. पुढे ती कारखान्यांपासून रुग्णालयांपर्यंत पसरली. तिची गंमत ही की इथे कोणाला रिकामे म्हणायचे, हे मोजणाऱ्याला डोळ्यांनी ठरवावे लागते. विणकर चालत असेल तर ‘चालतो आहे’ असा वेगळा रकाना करता येतो, आणि केला नाही तर तो का केला नाही, असे विचारता येते. मीसुद्धा सुट्टीत चौदा दिवस वडिलांच्या कारखान्याच्या दारात उभा राहून अशी वही भरली होती. पावसात ती भिजली. भिजली नसती तरी तिच्यातले आकडे इथे दिले नसते. चौदा दिवसांच्या नोंदीला संशोधन म्हणणे बरे नव्हे. पण ‘चालतो आहे, बघतो आहे’ हा माझा रकाना सर्वांत लवकर भरायचा, एवढे आठवते.

आता आपल्याकडच्या पुस्तकांकडे वळतो. मराठी माणसांनी लिहिलेली संख्याशास्त्राची पुस्तके जगभर वापरली गेली, ही गोष्ट साहित्याच्या वाचकांच्या कानावर फारशी गेलेली नसते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. फर्ग्युसनमधून ते लंडनला गेले, युनिव्हर्सिटी कॉलेजात डॉक्टरेट केली, १९४० साली शेतकी संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्र विभागात आले, आणि १९५१ नंतर रोमला अन्न व शेती संघटनेत. १९५४ साली त्यांची दोन पुस्तके आली. एक स्वतःचे, नमुना-पाहणीच्या सिद्धांताचे. दुसरे वि. गो. पानसे यांच्याबरोबर, शेतीच्या प्रयोगांत काम करणाऱ्यांसाठी लिहिलेले. पानसे इंदूरच्या संस्थेत कापसावर काम करत. म्हणजे हा धागाही शेवटी कापसापाशीच येतो.

सुखात्मे यांचे सिद्धांताचे पुस्तक वाचायला सोपे नाही. सूत्रांमागून सूत्रे, खालीवर लटकलेले निर्देशांक, गोष्ट सांगायची मुळीच हौस नाही. फेलर यांच्या शैलीपुढे ते रूक्षच वाटते. पण त्याचे शेवटचे प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. नमुना निवडण्याशी ज्यांचा संबंध नाही, अशा चुकांवर ते आहे: मोजणारा माणूस जी चूक करतो, सांगणारा जी करतो, त्या चुका. पाठ्यपुस्तकात मोजणाऱ्या माणसाला एवढी जागा त्या काळी क्वचितच मिळे.

यामागे एक जुना वाद आहे. पिकाचा उतारा काढायचा तर सगळे शेत कापून मोजता येत नाही. यदृच्छेने एक तुकडा निवडून तेवढा कापतात. तुकडा केवढा असावा? कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबीस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते, कारण त्यांत खर्च कमी आणि जागा जास्त पाहता येतात. सिद्धांत त्यांच्या बाजूने होता. सुखात्मे यांनी १९४६-४७च्या सुमारास प्रत्यक्ष कापणीतून दाखवले की तुकडा फार लहान घेतला तर उतारा खऱ्यापेक्षा जास्त येतो. का? कारण कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, हे कापणारा ठरवतो, आणि शंका आली की बहुतेक वेळा तो ते आत घेतो. लबाडीने नव्हे, भरलेली ओंबी हातात आल्यावर ती टाकवत नाही. एक मीटर बाजूच्या चौकोनात दर चौरस मीटरला चार मीटर कड असते, दहा मीटर बाजूच्या चौकोनात चाळीस सेंटिमीटर. तुकडा लहान, तशी शंकेची रोपे जास्त. महालनोबीस यांनी कामाला स्वतःची प्रशिक्षित माणसे ठेवली होती. सुखात्मे यांनी गावात आधीच असलेल्या महसूल आणि शेतकी खात्याच्या नोकरांकडून काम घेतले. या दोन पद्धतींतले कोणते चांगले, यावर पुढे पुष्कळ शाई खर्च झाली. मला त्यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. सुखात्मे यांच्या समीकरणात वाकून कापणी करणाऱ्या माणसाचा हात आहे, आणि त्याच्या मोहाला एक संज्ञा दिलेली आहे.

माझ्या मते इथेच आपल्या पाठ्यपुस्तकांची परंपरा दोन वाटांना लागली. पानसे-सुखात्मे यांचे पुस्तक कृषी विद्यापीठांत दीर्घकाळ टिकले ते त्यातल्या गहू-कापसाच्या आकड्यांमुळे. वाचणाऱ्याला आपण केलेलाच प्रयोग त्यात भेटतो. विद्यापीठीय गणिताची वाट वेगळी झाली. कोल्हापूरचे वि. शं. हुजूरबाजार केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्याकडे शिकून आले, १९५३ साली पुणे विद्यापीठात त्यांनी विभाग उभारला. जेफ्रीज यांच्या संभाव्यतेवरच्या ग्रंथात त्यांचे काम त्यांच्या नावासह आले आहे, हा मान लहान नव्हे. अनंत क्षीरसागर यांचे बहुचल विश्लेषणावरचे १९७२चे पुस्तक कारागिरीचा उत्तम नमुना आहे. एकेक वितरण ते असे सोडवतात की वाचताना गाठ कधी सुटली ते कळू नये. पण या पुस्तकांत शेत नाही, माग नाही, बाजार नाही. त्यांना तो दोष म्हणून चिकटवणे चूक होईल. ती सिद्धांताची पुस्तके आहेत आणि त्यांचे काम त्यांनी चोख केले आहे. माझी तक्रार आपल्या अभ्यासक्रमांबद्दल आहे. त्यांनी प्रतिष्ठा याच वाटेला दिली आणि पानसे-सुखात्मे यांना ‘शेतकीवाल्यांचे’ म्हणून बाजूला ठेवले. अपवाद आहेत. जयंत देशपांडे, अनिल गोरे आणि शानुभोग यांनी १९९५ साली, घंटेच्या आकाराच्या वक्रात न बसणाऱ्या माहितीचे विश्लेषण कसे करायचे, यावर पुस्तक लिहिले. मला त्याचा हेतूच आवडतो. माझ्या गावात घंटेच्या आकाराचे फारसे काही नव्हते.

दामोदर कोसंबी यांची आठवण इथे अपरिहार्य आहे. त्यांनी फलन-अवकाशातल्या संख्याशास्त्रावर १९४३ साली जे लिहिले, त्याचे श्रेय पुढे दुसऱ्या नावांना मिळाले. पण मला ते आठवतात ते प्राचीन नाण्यांच्या वजनांसाठी. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. वजनांच्या विखुरण्यावरून ते किती काळ चलनात होते याचा अंदाज घेता येतो. प्रत्येक नाण्यामागे ते हाताळणाऱ्यांची गर्दी आहे, हे त्यांना दिसत होते. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी संख्याशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिले असते तर, असा विचार मनात येतो आणि मी तो सोडून देतो.

भाषेचा प्रश्न वेगळा आणि जुना. इंग्रजी गणिताची पुस्तके मराठीत आणायचे काम मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जॉर्ज जर्व्हिस यांनी सुरू केले होते. म्हणजे दोनशे वर्षे झाली. आज दहावीपर्यंत मुले मध्य, मध्यक, बहुलक असे नीट मराठीत शिकतात, आणि पुढे एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ही सगळी माणसे नावे बदलून परकी होतात. मी मराठीत वर्ग घेत असे, पुस्तक इंग्रजी. त्यात एक शब्द नेहमी दगा द्यायचा: नमुना. भिवंडीत नमुना म्हणजे व्यापाऱ्याला दाखवायला कापलेला कापडाचा तुकडा. तो ताग्यातला सर्वांत चांगला भाग पाहून कापतात. डाग असलेला भाग नमुन्याला देईल तो मेहता कसला! आणि माणसाला नमुना म्हटले तर तो चारचौघांसारखा नसतो. संख्याशास्त्रात नेमके उलट: नमुना न बघता घ्यायचा, तो सगळ्यांसारखा निघावा म्हणून. पहिल्या वर्षाला नमुन्याची व्याख्या पाठ झालेली असे, आणि उदाहरण विचारले की मुले व्यापाऱ्याचा नमुना सांगत. मी ते चूक म्हणून खोडत असे. आता वाटते, ते सुरुवातीलाच फळ्यावर लिहायला हवे होते. निवडलेला नमुना आणि न निवडलेला नमुना, यांतला फरक त्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता. डागाचे पैसे त्यांच्या घरातून कापले जात.

पण मी फळ्यावर काय लिहीत असे? रंगीत चेंडूंचे कलश, फासे, नाणी. ती पुस्तकात होती, परीक्षेत येत होती, आणि माझ्या टेबलावर परीक्षेच्या आधी वाटली जाणारी गाइडे होती. गाइडांची समीक्षा करण्यात अर्थ नाही. ती प्रश्न कोणता येईल याचे संभाव्यताशास्त्र आहेत, आणि त्यांचा अंदाज माझ्यापेक्षा बरा असे. मागांच्या गावात बत्तीस वर्षे मी कलशातून चेंडू काढले. फेलर यांच्या पुस्तकातला माणूस शोधायला निघालेल्या मी माझ्या वर्गातला माणूस पाहिला नव्हता, हे लिहिताना संकोच वाटतो.

वडील जाऊन आता बरीच वर्षे झाली. आमच्या गल्लीतला कारखाना तीन वर्षांपूर्वी बंद झाला. माग भंगारात वजनावर गेले. गावाच्या चारी बाजूंना आता गोदामे आहेत, इतकी लांब की त्यांत आमचे दहा कारखाने मावतील. गेल्या गणपतीत एक जुना विद्यार्थी घरी आला. बी.एस्सी. झालेला, वडील सायझिंगमध्ये होते. तो एका गोदामात पाळीचा प्रमुख आहे. मजुरांच्या हातात स्कॅनर असतो. कोणी कोणते खोके कधी उचलले, मध्ये किती सेकंद गेले, हे सगळे पडद्यावर येते. दोन खोक्यांमधला वेळ ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की नावापुढे लाल खूण. त्याला त्या मर्यादेवर एक टिपण लिहायला सांगितले होते, आणि त्यासाठी त्याला रांगांचे गणित पुन्हा बघायचे होते.

मी फेलर काढला. तेच पुस्तक, पाने पिवळी, सतरावे प्रकरण आपोआप उघडणारे. त्याने कोष्टक बघितले, माझ्या जुन्या पेन्सिलीच्या खुणा बघितल्या, आणि समासात मी कधीतरी लिहिलेला ‘बाबा’ हा शब्दही बघितला असावा, बोलला नाही. बराच वेळ तो गृहीतांच्या ओळी वाचत होता. मग म्हणाला, “सर, यात मशीन कोण धरायचं? आमच्याकडे खोकं थांबत नाही, माणूस थांबतो. म्हणजे बंद पडणारा तोच. आणि सुरू करणारा मी?”

मी पान त्याच्याकडून घेतले. पाम यांच्या मूळ मांडणीत मशीन आणि माणूस यांची अदलाबदल करता येते का, म्हणजे लॅम्डा आणि म्यू आपापल्या जागा सोडतात का, ते आम्ही कागदावर करून बघू लागलो. माणूस ज्या सेकंदांत खोके शोधत असतो, त्यांचे काय करायचे, इथे पुन्हा अडलो. त्याने स्कॅनरच्या यादीत नाही असा एक रकाना आखला आणि त्याला नाव काय द्यावे, असे मला विचारले.